हात चावणारी दोन मुलं आणि एक टेक्निशियन: 'फंक्शन' बघायला शिकवायचं कसं?

शेवंती
मी न्यू जर्सीत बीसीबीए, म्हणजे प्रमाणित वर्तन-विश्लेषक, म्हणून काम करते, आठ वर्षं झाली. माझ्या हाताखाली सध्या सहा टेक्निशियन आहेत. आरबीटी (रजिस्टर्ड बिहेवियर टेक्निशियन) म्हणतात त्यांना. ऑटिस्टिक मुलांबरोबर घरी किंवा सेंटरवर रोजचे तास त्याच भरतात. योजना मी लिहिते, पण मूल चावतं, मारतं, जमिनीवर डोकं आपटतं तेव्हा समोर मी नसते, ती मुलगी असते. नियमाप्रमाणे तिच्या महिन्याच्या तासांपैकी किमान ५ टक्के तासांवर माझी देखरेख असावी लागते. उरलेले ९५ टक्के तिच्या भरवशावर.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एकच टेक्निशियन, वय २२, अतिशय मनापासून काम करणारी. तिच्याकडे दोन मुलं, दोघंही स्वतःचं मनगट चावणारी. पहिला मुलगा पाच वर्षांचा. टेबलावर गिरवायची वही उघडली की चावायचा. ही त्याला लगेच कोपऱ्यातल्या मऊ गादीवर न्यायची, दिवा मंद करायची आणि तो शांत होईपर्यंत थांबायची. दुसरी मुलगी सहा वर्षांची. खेळ छान चाललेला असायचा, पण हिने नोंदी करायला टॅबलेट उचलला की ती चावायची. मग ही टॅबलेट खाली ठेवून तिच्यासमोर बसायची, हात हातात घ्यायची, 'दुखेल ना तुला' म्हणून समजवायची.

तीन आठवड्यांत दोघांचंही चावणं वाढलं.

दिसायला चावणं एकच. पण पहिल्याला चावल्यावर वहीपासून सुटका मिळत होती आणि दुसरीला चावल्यावर ताईचा चेहरा मिळत होता. प्रेमाने, न चुकता, दर वेळी. टेक्निशियनच्या मनात दोन्ही वेळा एकच होतं, मुलाला शांत करायचं. तिने दोन्ही उपायांची नुसती अदलाबदल केली असती तरी नुकसान कमी झालं असतं.

तिला फंक्शन, म्हणजे वागण्यातून मुलाला काय मिळतं ती कारणं, माहीत नव्हती का? तोंडपाठ होती. ४० तासांचं प्रशिक्षण, मग कौशल्यांची तपासणी, मग परीक्षा, सगळं पार करून आली होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी लक्ष, सुटका, वस्तू, संवेदना अशी चारही नावं सांगितली असती. ती नावं आणि समोरचं रडणारं मूल यांची गाठ घालून देणं हे माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं. मी ११ पानी योजना लिहिली, तासभर समजावून सांगितली, तिने मान डोलावली, दोघींनी सह्या केल्या.

आता पद्धत बदलली आहे. सांगणं थोडक्यात, मग करून दाखवणं, मग तिच्याकडून करून घेणं आणि तिथल्या तिथे चूक-बरोबर सांगणं. करून घेताना मूल मी होते. चावण्याचं नाटक दर वेळी हुबेहूब तेच ठेवते, बदलते फक्त त्याच्या आधीची गोष्ट. एकदा ती माझ्यापुढे वही सरकवते. एकदा टॅबलेट उचलते. एकदा माझ्या हातातली गाडी काढून घेते. एकदा काहीच करत नाही, मी आपली एकटी बसून चावते. तीन सेकंदांत तिने ठरवायचं आणि करायचं. बोलायचं नाही, करायचं. सलग तीन वेळा चारही प्रकार माझ्या मदतीशिवाय जमले की मग मुलाकडे.

अडचण पुढे आहे. नाटकात दहापैकी दहा येतात. घरी सोफ्यावर आई बसलेली असते, मूल किंचाळतं, आणि टेक्निशियन पुन्हा गादीकडे धावते. शिकलेलं तिथवर पोचतच नाही. तुमच्यापैकी कोणी हे काम करतं का? अमेरिकेत, पुण्यात, कुठेही. शॅडो टीचर (वर्गात एकाच मुलासोबत बसणारी मदतनीस), विशेष शिक्षिका, पालक, सगळ्यांनी लिहा.

केतकी_पुणे
वाचतेय. भाच्याला शाळेत शॅडो टीचर आहे, तिला हे वाचायला देणार. लक्ष, सुटका आणि वस्तू कळलं, पण 'संवेदना' म्हणजे काय?

शेवंती
केतकी, समोर कोणी असो नसो, जे चालूच राहतं ते. डोळ्यांपुढे बोटं हलवणं, एका लयीत डुलणं. त्यात दुसऱ्या कुणाकडून काही मिळत नाही की टळत नाही, शरीरालाच त्यातून काहीतरी मिळत असतं. अशा वेळी 'दुर्लक्ष करा' या सल्ल्याला काही अर्थ नाही, कारण मुळात तुमचं लक्ष त्याला नकोच होतं.

पाऊलवाट
मी टेक्सासमध्ये आरबीटी आहे. एच-४ व्हिसावर (नवऱ्याच्या व्हिसावर) आले, ईएडी म्हणजे काम करायची परवानगी मिळाल्यावर हे काम धरलं. टेक्निशियनची बाजू सांगते.

४० तासांचं माझं प्रशिक्षण लॅपटॉपवर झालं. व्हिडिओ बघा, प्रश्न सोडवा. तिसऱ्याच दिवशी एक घर मिळालं. मूल मारायला लागलं की पोटात गोळा येतो हो. आई बघतेय, तिला वाटतंय ही बाई नुसती बसून आहे. मग काहीतरी करावंच लागतं आणि हाताला जे पहिलं येतं ते केलं जातं. शेवंतीताई, तुमची मुलगी गादीकडे धावते ती मुलासाठी धावत नाही, आईच्या नजरेपायी धावते. त्या नजरेसकट सराव घ्या. नाटकात आणखी एकीला आई बनवून बसवा आणि तिला मध्येच विचारायला लावा, 'अगं, काही करत का नाहीस?' त्यावर काय उत्तर द्यायचं हेसुद्धा शिकवावं लागतं. मला ते कोणी शिकवलं नव्हतं.

दुसरं. माझ्या पहिल्या सुपरवायझर 'तू असं का केलंस?' विचारायच्या. मी कोसळायचे. दुसऱ्या आल्या, त्या विचारायच्या, 'त्याच्या आधीच्या मिनिटात काय काय झालं?' या एका प्रश्नाने मी बघायला शिकले. नोंदींमधले दोन शब्द त्यांनी बंद केले होते: 'अचानक' आणि 'कारण नसताना'. लिहायला बसल्यावर ते शब्द नाहीत म्हटलं की डोकं आपोआप मागे जातं. अचानक नव्हतं, धाकट्या भावाने टीव्ही बंद केला होता.

शेवंती
पाऊलवाट, आईच्या नजरेचं मला सुचलंच नव्हतं. बुधवारी करून बघते. त्या दोन शब्दांचंही.

पन्हाळ्याची_पोर
कोल्हापूर जिल्ह्यात विशेष शाळेत शिकवते. आमच्याकडे टेक्निशियन हे पदच नाही. २०२३ पासून भारतातून आरबीटीसाठी अर्जही करता येत नाही. शिक्षिकांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असते, डी.एड.ला वर्तनाचा भाग शिकलेला असतो. पण मुलाला शौचाला नेणं, भरवणं, धरून बसणं हे करणाऱ्या आमच्या मावशी. त्यांना कोणी काही शिकवत नाही. तुम्ही म्हणता ते ९५ टक्के आमच्याकडे मावशींच्या हातात आहेत.

मागच्या वर्षीची गोष्ट. एक मुलगा जेवणाच्या वेळी ताट उडवायचा. खिचडी सगळीकडे. स्टाफरूममध्ये निकाल लागलेला होता: हट्टी आहे, घरी लाडावलाय. मी त्याच्यासाठी तक्ता करून मावशींना दिला. त्यांनी तक्ता काही भरला नाही, पण चौथ्या दिवशी म्हणाल्या, 'बाई, मंगळवारी त्यानं कायबी केलं न्हाई. मंगळवारी पोरं गॅदरिंगच्या तयारीला हॉलमधी हुती, जेवाय आम्ही पाचच.' बाकी दिवशी चाळीस स्टीलची ताटं एका वेळी फरशीवर ठेवली जातात. त्या आवाजातून सुटायचा त्याला सापडलेला रस्ता म्हणजे ताट उडवणं, कारण ताट उडवलं की त्याला बाहेर काढत होते.

त्याला व्हरांड्यात बसवलं, प्लॅस्टिकचं ताट दिलं आणि दाराचं चित्र असलेलं एक कार्ड दिलं, 'बाहेर जायचंय' सांगायला. आवाज फार झाला की कार्ड मावशींच्या हातात ठेवतो.

हट्ट हा शब्द आम्ही फार लवकर वापरतो. एकदा म्हटला की पुढे शोधायला काही उरत नाही.

मास्तर_साताऱ्याचे
जि. प. शाळेत शिक्षक आहे. वर्गात ३४ मुलं, त्यात एक ऑटिस्टिक. मनापासून विचारतो, वाद घालायचा नाही. कार्ड दाखवलं की सुटका द्यायची म्हणता. मग तो दिवसभर कार्डच दाखवेल. शिकणार कधी? आणि बाकीच्या ३३ जणांनी काय समजायचं?

शेवंती
मास्तर, हा प्रश्न माझी प्रत्येक नवी टेक्निशियन विचारते, आणि तिने विचारला नाही तर मला काळजी वाटते.

हो, सुरुवातीला तो दिवसभर दाखवेल. ते दिवस सोसायचे. कार्ड दिलं की तत्काळ, दर वेळी, विनातक्रार सुटका. कारण त्याच्याकडे चावणं हा जुना, हमखास चालणारा रस्ता आहे. नवा रस्ता त्याहून सोपा आणि जलद नसला तर तो तिकडे का वळेल? याच टप्प्यावर टेक्निशियन चुकतात. कार्ड मिळालं की म्हणतात, 'थांब, एवढं एक झालं की जा.' मूल चावतं. मग सोडतात. म्हणजे आपण शिकवलं काय, कार्ड चालत नाही, चावणं चालतं.

कार्ड पक्कं बसलं, चावणं उतरलं, की मग हळूहळू ताणायचं. कार्ड दिल्यावर 'एक अक्षर, मग ब्रेक'. काही दिवसांनी दोन. आणि मुळात ते अक्षर त्याला इतकं जड का जातंय ते बघायचं. माझ्या पाच वर्षांच्या मुलाची पेन्सिलची पकडच कच्ची होती. गिरवण्याऐवजी अक्षरांचे ठोकळे दिले तेव्हा निम्मं काम झालं.

पन्हाळ्याची_पोर
मास्तर, ३४ जणांत असं करता येतं: हजेरीपट हेडमास्तरांकडे पोचवायचं काम त्याला द्या. पाण्याची बाटली भरून आणायचं द्या. चालत जाऊन येईल, वर्गातून सुटका होईल, बाकीच्यांना ते कामच दिसेल. पण तो बिघडायच्या आधी पाठवा. बिघडल्यावर पाठवलंत तर बिघडण्याचं बक्षीस होईल.

मास्तर_साताऱ्याचे
हे जमेल. सोमवारपासून करतो.

गोदाकाठ
मी एक आई. मुलगा नऊ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी तो रात्री कानावर हात मारून घ्यायला लागला, नंतर डोकं भिंतीवर. ज्या सेंटरमध्ये जात होतो त्यांनी सांगितलं, लक्ष वेधण्यासाठी करतोय, आई जवळ गेली की वाढतं, दुर्लक्ष करा. मी अकरा रात्री दाराबाहेर बसून राहिले. बाराव्या दिवशी कानातून पू आला.

मला तुमच्या शास्त्राबद्दल राग नाही. पण शिकवताना हे पहिल्या दिवशी शिकवा. तो बोलत नाही हो. त्याला दुखतंय हे सांगायला दुसरं काय होतं त्याच्याकडे?

शेवंती
गोदाकाठ, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चूक होतं. वागणं नवं असेल, एकाएकी वाढलं असेल, झोपेत किंवा जेवताना होत असेल, एकाच अवयवाभोवती असेल, तर आधी डॉक्टर. कान, दात, बद्धकोष्ठता, आम्लपित्त, पाळी, झटके. ते तपासल्याशिवाय फंक्शनचं नावही काढायचं नाही. माझ्या टेक्निशियनना मी योजना बाजूला ठेवून मला फोन करायचा हक्क दिलेला आहे. 'आज तो वेगळा वाटतोय' एवढं कारण पुरे. तुमचा प्रसंग, तुमची परवानगी असेल तर, मी पुढच्या गटाला पहिल्या तासाला सांगेन.

गोदाकाठ
सांगा. जरूर सांगा.

पारंबी
मुंबईत मानसशास्त्र शिकवते. शेवंतीच्या नाटकातले चार प्रकार वाचून राहवलं नाही. नकळत की जाणूनबुजून माहीत नाही, पण त्यातले तीन (गाडी काढून घेणं सोडून) थेट १९८२ सालातून आलेत.

ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना थोड्या थोड्या वेळासाठी वेगवेगळ्या परिस्थितीत ठेवून पाहिलं. एकात अभ्यास दिला जाई आणि इजा केली की तो थांबवला जाई. एकात मोठं माणूस आपल्या कामात असे आणि इजा झाली की काळजीने बोले. एकात मूल एकटं. एकात खेळणी, सोबत आणि कसलीच मागणी नाही. नऊपैकी सहा जणांमध्ये इजा ठरावीक परिस्थितीतच सातत्याने जास्त दिसली. दिसायला सारखं वागणं, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. तो लेख इतका महत्त्वाचा ठरला की १९९४ साली पुन्हा छापला गेला. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, एडवर्ड कार यांनी अशा इजेमागे कोणकोणती कारणं संभवतात याची मांडणी केली होती.

पण टेक्निशियनना शिकवताना मी १९८५ चा कार आणि ड्युरँड यांचा अभ्यास सांगेन. चार मुलं. कुणाचं वागणं अवघड कामामुळे बिघडे, कुणाचं मोठ्यांचं लक्ष कमी झाल्यामुळे. त्यांना वाक्यं शिकवली: 'मला समजत नाही', म्हणजे मदत मिळेल, आणि 'मी चांगलं काम करतोय का?', म्हणजे कौतुक मिळेल. कारणाशी जुळणारं वाक्य शिकवलं तेव्हा त्रासदायक वागणं घटलं. न जुळणारं शिकवलं तेव्हा घटलं नाही. मूल बोलायला शिकलं होतं, वाक्य चांगलं होतं, तरी नाही. कारण ते वाक्य त्याला हवं ते मिळवून देत नव्हतं.

शेवंती
पारंबी, जाणूनबुजून घेतलेत. पण सगळ्यांसाठी एक धोक्याची सूचना: ती चाचणी प्रशिक्षित माणसाने, वैद्यकीय खबरदारी घेऊनच करायची असते. घरी मुलावर कोणी करून बघू नका. मी वापरते ते फक्त मोठ्यांच्या आपापसातल्या नाटकात.

१९८५ चा अभ्यास मी उगाच अवघड करून शिकवत होते. तुमच्यासारखा सांगितला की लगेच पोचेल. कितीतरी सेंटरमध्ये प्रत्येक मुलाच्या गळ्यात तेच एक 'ब्रेक' कार्ड अडकवतात. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला ब्रेक कार्ड देऊन काय होणार होतं? तिला ब्रेक नको होता, ताई हवी होती.

नीरव
मी ऑटिस्टिक आहे, वय ३१, निदान २६व्या वर्षी झालं. धागा दोनदा वाचला.

चौथीत मी केस उपटायचो. बाईंना वाटे लक्ष हवंय, म्हणून मला शेवटच्या बाकावर बसवलं. शेवटच्या बाकाच्या बरोबर वर ट्यूबलाइट होती, घुंई घुंई करणारी. आधी ती लांब होती.

तुमच्या टेक्निशियनना फंक्शन शोधायला शिकवताय, चांगलं आहे. त्याच्या आधीचा एक प्रश्नही शिकवा: हे थांबवायचं कशासाठी? बोटं हलवल्याने कुणाला इजा होत नाही. ते माझं श्वास घेणं आहे. आणि 'सुटका' हे कारण सापडलं की पुष्कळ लोक लगेच 'टाळाटाळ' ऐकतात आणि मुलाला कामाला कसं जुंपायचं ते शोधतात. मला वाटतं, सुटका हवी आहे म्हणजे इथे काहीतरी असह्य आहे. ते काय आहे ते आधी शोधा.

पाऊलवाट
नीरव, धन्यवाद. मी एका मुलाचं हात हलवणं 'कमी करायच्या' यादीत बघितलं होतं आणि गप्प बसले होते. उद्या सुपरवायझरांना विचारते की हे यादीत का आहे.

शेवंती
नीरव, माझ्या योजनेच्या पहिल्या पानावर आता पहिला रकाना तोच असेल: 'हे बदलायचं कशासाठी, आणि कुणासाठी?' तो भरता आला नाही तर पुढची पानं लिहायची नाहीत. इजा होत असेल, शिकणं किंवा माणसांत असणं अडत असेल, तरच पुढे.

शेवंती
तीन आठवड्यांनी लिहितेय.

पाऊलवाटने सांगितल्याप्रमाणे नाटकात एक आई बसवली. पहिल्या खेपेला आमची मुलगी खरोखर रडवेली झाली. मग तिचं उत्तर तिनेच तयार केलं: 'मी आत्ता त्याला मागायला शिकवतेय, दोन मिनिटांनी तुम्हाला सगळं सांगते.' ते पाच-सहा वेळा म्हणून घेतलं. मग खऱ्या आईला बोलावलं आणि तिच्यासमोर नाटक केलं, मूल मी. आईने विचारलं, 'म्हणजे मीही तेच करत होते?' पुढच्या फेरीत टेक्निशियनच्या जागी तीच बसली.

प्रत्यक्ष सेशनला पहिले चार दिवस मी हजर राहिले. तिच्या कानात इअरफोन, मी शेजारच्या खोलीतून व्हिडिओवर बघत फक्त 'आधी काय झालं?' एवढंच विचारायचे. दुसऱ्या दिवशी बहुतेक वेळा माझ्या विचारण्याआधीच तिचा हात योग्य कार्डाकडे जात होता. मुलाचं चावणं मध्ये दोन दिवस आधीपेक्षाही वाढलं. ते वाढेल हे आधीच सांगून ठेवलं होतं, मनगटाला मऊ पट्टी होती, म्हणून कोणी घाबरून मागे फिरलं नाही. आता बरंच उतरलंय. शून्य नाही.

सहा वर्षांच्या मुलीच्या घरची टेक्निशियनने केलेली कालची नोंद, तिच्याच परवानगीने, मराठीत:

'मी टॅबलेट उचलला. तिने माझ्याकडे बघितलं. हात तोंडाकडे नेला, चावली नाही. मी माझा दंड तिच्या जवळ सरकवला. तिने दंडावर टकटक केलं. मी टॅबलेट ठेवून तिच्याकडे वळले.'

'अचानक' कुठेच नाही.

पन्हाळ्याची_पोर
शेवंतीताई, तुमचं नाटक आम्ही शनिवारी शाळा सुटल्यावर केलं. तिघी मावशी आणि मी. ताटं खरी घेतली, आवाजसुद्धा. मूल मीच होते. एक फेरी झाल्यावर त्या थोरल्या मावशी पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, 'बाई, आता मी पोर हुतो, तुमी मला भरवा. तुमाला तरी जमतंय का बघू.'

मला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा जमलं.